कार्पेट घातलेलं वर्कहाऊस

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे वाळवायची मशीनं आहेत. कुणाचेही कपडे वाळून निघाले की मशीनच्या जाळीवर मऊ, राखाडी तंतूंचा, लिंटचा थर उरतो. हा कुणाच्या स्वेटरचा, हा कुणाच्या टॉवेलचा, काही कळत नाही. तो सोलून काढताना माझ्या मनात येतं, शेजाऱ्यांच्या गोष्टी माझ्याकडे अशाच साचल्यात. मी काही मागायला गेले नव्हते! बरं, थोडी गेले होते.

आमचे हे म्हणतात, "तुझ्या दाराला बाहेर बघायचं भिंग बसवलं, हीच त्या बिल्डरची चूक." म्हणू देत. अमेरिकेतल्या या ॲन आर्बरमध्ये निम्मं वर्ष बर्फ. मी दहावी शिकलेली, इंग्रजी शिकले ते इथल्या बसमध्ये. मुलगा नोकरीला लांब क्युपर्टिनोला. मग माझ्यासमोर उरलं काय? तर कॉरिडॉर!

त्या कॉरिडॉरमधलेच हे किस्से. यात हसण्यासारखं कमी आहे, आधीच सांगते.

* * *

समोरच्या फ्लॅटमध्ये सुगत राहतो. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. इतिहासात पीएचडी करतो. वरच्या मजल्यावर केतकी, पुण्याची, कॉम्प्युटरवाली. दोघं एकाच प्रोजेक्टवर.

प्रोजेक्ट काय, तर व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या गावांची माहिती देणारे जाडजूड ग्रंथ निघाले होते, गॅझेटियर म्हणतात त्यांना. एकेका गावाला एकेक परिच्छेद. बाजार किती मैलांवर, माती कसली, लोकसंख्या किती, मुख्य जमीनदार कोण, चर्चची अवस्था कशी, पाद्री नेमायचा हक्क कुणाचा. एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला पॅरिश म्हणायचं, हेही सुगतनंच मला शिकवलं. केतकी ते सगळं कॉम्प्युटरला वाचायला लावते आणि सुगत त्यावर लिहितो.

मी म्हटलं, "अरे, ती गावं आहेत ना अजून तिथे? मग जाऊन बघून ये की!"

"नाही जी काकू. मला गावं नाही बघायची. गावाबद्दल कोण बोललं ते बघायचंय."

"कोण बोललं?"

"पाद्री बोलला. जमीनदार बोलला. माहिती त्यांनाच विचारायचे."

"आणि बाकीचे लोक?"

सुगत म्हणाला, "बाकीचे लोकसंख्येत!"

* * *

वॉल्टर आजोबा माझ्या भिंतीपलीकडे राहायचे. ऐंशी उलटलेले, एकटे, लांबलचक, वाकलेले. मूळचे इंग्लंडचे. तरुणपणी इथे आले आणि रिटायर होईपर्यंत लायब्ररीत नकाशे सांभाळले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी जोॲन लांब ओरेगनला. इतकी माहिती मला होती. भिंत पातळ आहे, त्याला मी काय करू?

एकदा सुगत कपड्यांची बास्केट घेऊन तळघरात गेला, तर आजोबा मशीनसमोर खुर्ची टाकून बसलेले आणि मांडीवर अस्सल जुना गॅझेटियर! हा पोरगा दोन वर्षं तेच पुस्तक स्क्रीनवर वाचतोय. त्याच्या हातातून मोजे पडले.

अमेरिकेत कुणीही भेटलं की आधी "हाऊ आर यू" म्हणतं. आजोबांनी चष्म्यावरून बघून एकच विचारलं, "कुठली काउंटी?" म्हणजे इंग्लंडातला कुठला जिल्हा.

घाबरून सुगतच्या तोंडून निघालं, "भंडारा!"

आजोबांनी शांतपणे पानं मागे उलटून 'बी' काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "नाहीये यात. फार वाईट झालं. बस."

सुगत बसला. त्याचे कपडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओलेच.

* * *

मग रविवारी दुपारी आजोबांकडे बैठक ठरूनच गेली. सुगत, केतकी आणि चहाबरोबर खायला काहीतरी पाहिजे ना, म्हणून मी.

आजोबांना एक खोडच होती. कुणी आलं की त्याच्या गावाचा परिच्छेद लिहायचा, अगदी गॅझेटियरमधल्यासारखा. माझ्यावर पाळी आली. बोलणं इंग्रजीतच चाललेलं, मी आपलं मराठीत सांगते.

"बाजार?"

"बार्शीला."

"माती?"

"काळी."

"लोकसंख्या?"

"दोन हजार असेल."

"चर्च?"

"मारुतीचं देऊळ."

"अवस्था?"

"मागच्या वर्षी रंग दिलाय. भयानक निळा!"

"पुजारी नेमायचा हक्क कुणाचा?"

"नेमतंय कोण? गुरवाचा मुलगा गुरव."

"मुख्य जमीनदार?"

"माझे चुलतदीर. पण केस चालू आहे!"

आजोबांनी गंभीर चेहऱ्यानं सगळं लिहून वाचून दाखवलं, "काळी माती. देऊळ निळं. जमिनीची मालकी वादग्रस्त."

मी म्हटलं, "चुलतदिरांनी हे वाचलं तर तुमच्यावरही केस टाकतील!"

आजोबा खोकत खोकत हसले. तो खोकला मला तेव्हाच आवडला नव्हता.

* * *

पुढच्या रविवारी सुगतची पाळी.

तो म्हणाला, "कुठलं गाव लिहिणार? आमच्याकडे एका नावात दोन आहेत."

"दोन?"

"एक वरचं. तिथे देऊळ, शाळा, पंचायत. आणि नाल्यापलीकडे आमची वस्ती. तिथे बुद्धविहार. माझ्या बाबांनी आणि वस्तीतल्या माणसांनी डोक्यावर विटा वाहून बांधलेला."

"पाणी?" आजोबांनी विचारलं.

"पाण्याची गोष्ट एका परिच्छेदात नाही बसायची," सुगत म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "काकू, तुमच्या गावाची लोकसंख्या तुम्ही सांगितलीत ना, त्यात ओढ्यापलीकडचे धरले होते का?"

मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

बाहेर आले तेव्हा आजोबांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी ग्रंथ ओढला आणि स्वतःच्या जन्मगावाचं पान काढलं. त्या गावाचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही. चर्च जुनं, मनोरा चौकोनी, माती चिकट, वर्षातून एकदा गुरांची जत्रा. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, की गावाच्या टोकाला वर्कहाऊस आहे.

वर्कहाऊस काय, ते केतकीनं मला हळूच सांगितलं. ज्याला खायला नाही, घर नाही, त्यानं तिथे जायचं. आत नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. काम करायचं आणि पातळ लापशी प्यायची. म्हातारी माणसं तिथे जायची ती मरायलाच.

आजोबांनी त्या ओळीवर आडवा तळहात ठेवला. "माझी आई म्हणायची, काहीही होऊ दे, शेवट तिथे नको. ते बंद होऊन जमाना झाला, तरी म्हणायची."

सुगतनं हळू आवाजात विचारलं, "तुमचं कुणी होतं तिथे?"

आजोबांनी मान डोलावली.

सुगत आपली खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्या दिवसापासून तो त्यांना वॉल्टर म्हणेनासा झाला, आजोबा म्हणायला लागला. मला मात्र म्हणाला, "काकू, हा माणूस आपल्यातला आहे. म्हणजे, आमच्यातला."

सुधारलं त्यानं. मी ऐकलं.

* * *

थंडी सुरू झाली आणि खोकल्याचा निकाल लागला. फुप्फुसं. डॉक्टरांनी सांगितलं, करण्यासारखं काही नाही.

इथे हॉस्पिस म्हणून एक असतं. बरं करायचा नाद सोडायचा आणि माणसाला दुखू नये एवढंच बघायचं. नर्स घरी येते, औषधं देते. पण तिची एक अट, घरात सतत कुणीतरी हवं. नसेल तर केअर सेंटरमध्ये जा.

जोॲनचा फोन आला. स्पीकरवर होता, मी चहा घेऊन गेलेच होते. ती म्हणाली, "डॅड, ती जागा फार छान आहे. स्वच्छ आहे. तिथे पियानो आहे."

आजोबा म्हणाले, "मुली, ते वर्कहाऊस आहे. फक्त कार्पेट घातलंय!"

फोन ठेवल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं. काही मागितलं नाही. इंग्रज माणूस, मागतोय कसला! चादरीची कड मात्र मुठीत धरून ठेवली होती.

सुगत म्हणाला, "मी दुपारी." केतकी म्हणाली, "माझा क्लास चारला सुटतो, तेव्हापासून मी. लॅपटॉप तर इथेही चालतो." रात्री झोपायला आमचे हे. सकाळ माझी.

हॉस्पिसची नर्स डेनिस आली. धिप्पाड, हसरी बाई. तिनं विचारलं, "या सगळ्यांत जबाबदार कोण?"

मी म्हटलं, "मी. बिल्डिंगमधलं सगळं एरवीही मीच बघते!"

* * *

आजोबांचं खाणं सुटलं. गिळवेना. मी मऊ भाताची पेज केली, वरून तूप-जिऱ्याची फोडणी, मीठ बेताचं. वाटीतून वाफ येतेय, वास सुटलाय. त्यांनी चमचाभर घेतली, डोळे मिटले, म्हणाले, "हे काय आहे?"

मी केतकीकडे बघितलं. ती इंग्रजी शाळेत शिकलेली ना! अभिमानानं म्हणाली, "राइस ग्रुएल!"

आजोबांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं घशात अडकलं. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. सुगतनं कपाळावर हात मारला. "अगं यार केतकी! वर्कहाऊसमध्ये तेच द्यायचे. ग्रुएल. ती पातळ लापशी, याच नावाची."

केतकी रडकुंडीला आली. "डिक्शनरीत तेच आहे!"

मी वाटी परत उचलली. "सुगत, विचार त्यांना, वर्कहाऊसमध्ये तूप देत होते का?"

सुगतनं विचारलं. आजोबांनी भिंतीकडेच बघत उत्तर दिलं, "नाही."

"आणि जिरं?"

"नाही."

"मग गुपचूप खा म्हणावं!"

वाटी संपली. पुढे डेनिसही यायची तेव्हा विचारायची, थोडी उरलीये का.

* * *

दुखणं वाढलं की आजोबांना पॅरिश वाचून दाखवाव्या लागायच्या. औषधाचा अंमल चढायला वेळ लागतो, तेवढा वेळ काढायचा. गोष्ट नको, बातम्या नकोत. अमुक पॅरिश, तमुक काउंटी, माती अशी, चर्च तसं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.

केतकीनं आधी कॉम्प्युटरलाच वाचायला लावलं. छान बाईचा आवाज. आजोबा म्हणाले, "बंद कर. तिला यातलं एकही गाव माहीत नाही."

"आजोबा, मला तरी कुठे माहितीयेत!"

"हो, पण तुला कंटाळा येतोय ते ऐकू येतं. सोबत वाटते."

आमच्या ह्यांची पाळी रात्रीची, पण एका रविवारी मी त्यांना भर दुपारी बसवलं. हे गाड्यांच्या कंपनीत टेस्टिंग करणारे. वाचनाशी संबंध मॅन्युअलपुरता. डेनिस आली तेव्हा पुस्तक छातीवर, तोंड उघडं, दोघंही घोरतायत. एक पलंगावर, एक खुर्चीत.

डेनिस दारातूनच मला म्हणाली, "पेशंट कुठला?"

मी हसले आणि हसता हसता बघितलं. खरंच, ह्यांचेही केस किती पांढरे झालेत!

* * *

आता तो वाईट दिवस.

संध्याकाळची वेळ, केतकीची पाळी. आजोबांना एकदम श्वास लागला. ओठ निळे पडले, हात हवेत. आमच्याकडे सूचना स्पष्ट होती, काहीही झालं तरी डेनिसला फोन करायचा, अँब्युलन्सला नाही. अँब्युलन्सवाले वाचवायलाच येतात, तोच त्यांचा धर्म. फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावलं होतं.

पण त्या क्षणी माणसाला फ्रिज दिसत नाही. केतकीनं अँब्युलन्सचा नंबर, नऊ-एक-एक, फिरवला.

मी भाजी घेऊन येत होते. खाली दोन अँब्युलन्स, एक आगीचा बंब, सगळीकडे लाल-निळे दिवे. माझ्या समोरून आजोबांना स्ट्रेचरवरून नेलं. तोंडावर मास्क. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ती नजर मी सांगत नाही.

केतकी जिन्यात बसली होती. "काकू, मी अमेरिकेत उतरले ना, तेव्हा एअरपोर्टवर न्यायला आलेल्या सीनियरनं पहिली गोष्ट शिकवली ती हीच. काही झालं तर नऊ-एक-एक. ड्रायव्हिंग नंतर, बँक अकाउंट नंतर, आधी हे. मला दुसरा नंबर आठवलाच नाही हो!"

मी भाजीची पिशवी ठेवून तिच्या शेजारी बसले. मलाही माझ्या मुलानं पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं.

दवाखान्यानं आजोबांना वाचवलं. पण वाचवून घरी सोडलं नाही, जोॲनला विचारून केअर सेंटरमध्ये पाठवलं.

* * *

जागा खरंच छान होती. कार्पेट होतं. पियानोही होता, त्यावर प्लास्टिकची फुलं.

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. ट्रेमधलं जेवण जसंच्या तसं. मी नेलेली पेजही घेईनात. बाजूच्या खोलीतली एक म्हातारी सारखी कुणाला तरी हाक मारत होती, एकच नाव, आणि कुणी येत नव्हतं.

तिथली एक तरुण मुलगी तपासायला आली. गोड होती बिचारी. मोठ्यानं विचारलं, "वॉल्टर, तुम्ही आत्ता कुठे आहात, सांगाल का?"

आजोबा म्हणाले, "वर्कहाऊसमध्ये."

तिनं मान हलवली आणि टॅबवर टिकटिक करत मला हळूच म्हणाली, "गोंधळलेत ते."

मला तर त्या इमारतीत त्यांच्याइतकं शुद्धीवर दुसरं कुणी दिसलं नाही!

* * *

परत आणायचं तर जोॲनचा होकार हवा. सुगत म्हणाला मी बोलतो, केतकी म्हणाली मीच माफी मागते. मी म्हटलं, तुम्ही दोघं फार शिकलेली आहात, फोन इकडे द्या.

जोॲन चिडलेलीच होती. "एवढं सगळं झाल्यावर परत तुमच्याकडे? तुम्ही लोक त्यांचे आहात तरी कोण?"

"आम्ही भिंतीपलीकडचे," मी म्हटलं.

"ते पडले तर?"

"उचलू."

"श्वास अडकला तर?"

"हात धरून बसू."

"आणि ते... त्यांना काही झालं तर?"

"जोॲन, ते तर होणारच आहे गं. कुठे व्हायचं, एवढंच आपल्या हातात आहे. तुला यायला जमत नाहीये, त्याचा आम्हाला राग नाही. तुझी कामं असतील, तुझी मुलं असतील. माझाही मुलगा लांब आहे. माझ्यावर वेळ आली तर माझ्या भिंतीपलीकडे कुणीतरी असावं, एवढंच मला वाटतं."

माझं इंग्रजी कसं झालं असेल देव जाणे.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "त्यांना अंगावर दोन पांघरुणं लागतात. पाय नेहमी गार पडतात."

मी म्हटलं, "तीन घालू!"

* * *

आजोबा घरीच गेले. सांगूनच टाकते, नाहीतर तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून बसाल. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी गेले. बाहेर ऊन होतं, बर्फावरून आलेला उजेड छतावर हलत होता. केतकी वाचत होती. एका पॅरिशमधून दुसरीत गेली आणि तिच्या लक्षात आलं, की ऐकणारं कुणी नाही. तिनं पान पूर्ण वाचलं, पुस्तक मिटलं आणि डेनिसला फोन लावला.

या वेळी नंबर चुकला नाही.

* * *

पण खरा किस्सा त्याच्या आधीचा आहे. त्यांना घरी आणल्यानंतरच्या दिवसांतला.

सुगतची पाळी होती. मी आतल्या ओट्यापाशी पेज गरम करत होते. ओटा आणि पलंग यांत फक्त अर्धी भिंत, त्यामुळे मला ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा.

आजोबांनी त्यांचं पान वाचायला सांगितलं. सुगतनं वाचलं. चर्च, मनोरा, चिकट माती, जत्रा. आणि थांबला.

"तू नेहमी शेवटची ओळ सोडतोस," आजोबा म्हणाले.

"हो."

"आज वाच."

सुगतनं ती वाचली.

मग आजोबा बोलायला लागले. एकेक वाक्य, मध्ये श्वास. "तुला वाटतं आम्ही आत होतो. मी मान डोलावली होती. खोटं नव्हतं ते. आम्ही तिथेच होतो. माझा पणजा तिथला मास्टर होता. पणजी मेट्रन, बायकामुलांवर देखरेख करणारी. त्यांनीच चालवलं ते, वर्षानुवर्षं. दारात आलेल्या घरातल्यांना वेगळं करायचं काम त्याचं. नवरा इकडे, बायको तिकडे. मुलांचे हात सोडवायचे ते पणजीनं. माझी आजी तिथेच जन्मली, वरच्या मजल्यावर, साहेबांच्या खोल्यांत. तिच्या खिडकीतून खालचं अंगण दिसायचं. ती खिडकीत बसून लोणी लावलेला ब्रेड खायची आणि खाली बघायची. म्हातारपणी तिला झोप लागायची नाही. तिनं ती भीती माझ्या आईला दिली, आईनं मला."

माझ्या हातातला चमचा थांबला.

"तू खुर्ची उचलून शेजारी आलास," आजोबा म्हणाले, "तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुणी शेजारी येऊन बसलंय, याला फार वर्षं झाली होती."

सुगत उठला. त्यानं पुस्तक खुर्चीवर ठेवलं, जॅकेट घातलं, दारापाशी बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. सावकाश, दोन्ही पायांच्या. मी वाटी घेऊन बाहेर आले. "सुगत, कुठे रे?" त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दार लागलं.

मी खिडकीपाशी गेले. खाली पार्किंगच्या कडेला, बसस्टॉपपाशी तो बर्फात उभा होता. टोपी नाही. पुढे जात नव्हता, मागेही वळत नव्हता. बस आली, दार उघडलं, थोडी थांबली आणि निघून गेली.

"गेला?" आजोबांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"जायलाच हवं त्यानं." त्यांनी चादरीची कड मुठीत धरली. "आता मला तिथे परत पाठवाल ना?"

मी काही बोलायच्या आत जिन्यात बूट वाजले.

सुगत आत आला. केसांवर बर्फ, बुटांचा चिखल कार्पेटवर. त्यानं खुर्चीवरचं पुस्तक उचलून खाली ठेवलं, तिथे बसला आणि माझ्या हातातली वाटी घेतली. चमचा भरला. फुंकर घातली. आजोबा त्याच्याकडे बघत राहिले, ओठ घट्ट मिटलेले.

सुगत त्यांच्याशी नेहमी इंग्रजीत बोलायचा. त्या दिवशी मराठीत म्हणाला, "तोंड उघडा."

आजोबांनी तोंड उघडलं.